विंचवाला सांग पॉझिटिव्ह विचार करायला!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र संपत आला होता. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आमची थोडी शेती आहे. त्या आठवड्यात शेतीपंपाच्या लाइटची पाळी रात्रीची होती, म्हणून आण्णा (माझे वडील) रात्री साडेअकराला उसाला दारं धरायला गेले. पाचटाखालून विंचू निघाला आणि पायाच्या अंगठ्याला चावला. तांबडा विंचू. अर्ध्या-पाऊण तासात दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वेळेत औषध दिलं आणि दोन दिवसांनी आण्णा घरी आले.

विंचू उतरला, भीती मात्र उतरली नाही.

पुढचे दोन महिने आण्णा रात्री रानात गेले नाहीत. सुरुवातीला कारणं असायची: बॅटरी चार्ज नाही, पाय ठणकतोय, उद्या बघू. मग कारणंही संपली. रात्रीची पाळी आली की भाऊ जायचा, नाहीतर गडी लावायचा. चादर तीनदा झटकल्याशिवाय आण्णा झोपायचे नाहीत. चाळीस वर्षं रात्री-अपरात्री एकटा रानात फिरलेला माणूस अंधार पडला की ओसरीवरून उठून आत जाऊन बसायचा. सगळ्यांना दिसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

मी पुण्यात मानसशास्त्रात पीएचडी करते, आणि माझा विषयच ‘भीती कशी कमी होते’ हा आहे. त्यामुळे सुट्टीत घरी गेले तेव्हा अगदी तज्ज्ञाच्या थाटात म्हणाले, “आण्णा, तुम्ही जरा पॉझिटिव्ह विचार करा. परत थोडाच चावणारे?”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “ते जाऊन इच्चवाला सांग, पॉझिटिव्ह इचार कर म्हणून.”

आई हसली, भाऊ हसला, मीही हसले. आण्णा हसले नाहीत. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझा सल्ला चुकीचा होता. तो का चुकीचा होता आणि पुढे नेमकं काय उपयोगी पडलं, हे आज संशोधनाच्या आधाराने समजून घेऊ.

भीती पुसली जात नाही

आपल्याला वाटतं की भीती जाणं म्हणजे पाटीवरचं अक्षर पुसणं. तसं होत नाही. पावलोव्हच्या कुत्र्यांचा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलाय. खूण मिळाली की खाणं मिळतं हे कुत्रा शिकतो आणि नुसत्या खुणेने त्याला लाळ सुटते. मग खूण मिळते पण खाणं येत नाही, असं वारंवार झालं की लाळ थांबते. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही: काही काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा तीच खूण दिली, तर लाळ परत येते. म्हणजे पहिलं शिकणं पुसलं गेलेलं नसतं. त्याच्या शेजारी दुसरं शिकणं तयार झालेलं असतं आणि ते पहिल्याला दाबून धरतं.

भीतीचंही असंच आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. धोक्याची आठवण पक्की करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ‘रात्र, पाचट, ओला दांड म्हणजे विंचू’ ही आठवण त्या एका रात्रीत पक्की झाली. ती तशीच राहणार. तिच्या शेजारी दुसरी आठवण तयार करायची: ‘रात्र होती, पाचट होतं, दारं धरलं आणि काही झालं नाही.’

अडचण इथेच आहे. ही दुसरी आठवण घरात बसून तयार होत नाही, त्यासाठी रानात जावं लागतं. आणि भीती नेमकं तेच करू देत नाही. उलट प्रत्येक वेळी जाणं टाळलं की ‘सुटलो बाबा’ असं वाटतं. तो सुटकेचा निःश्वास म्हणजे मेंदूला मिळालेलं बक्षीसच. पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. आण्णांचं दोन महिने हेच चाललं होतं.

पीटर आणि ससा

ही कोंडी कशी फोडायची? शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रयोग यासाठी अजून वाचला जातो. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात आणला. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही अधूनमधून तिथे असायची. शेवटी पीटर सशाला हाताने गोंजारू लागला.

यात तीन गोष्टी आहेत: पायरी-पायरीने जवळ जाणं, सोबतीला न घाबरणारी माणसं, आणि भीतीच्या उलट काहीतरी शरीरात एकाच वेळी चालू असणं. तिसरी गोष्ट पीटरसाठी खाऊ होती. पुढे जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी १९५८ मध्ये याच कल्पनेवर उपचारपद्धती मांडली. त्यांनी खाऊऐवजी अंग सैल सोडायला शिकवलं. तत्त्व तेच, की ढिलं पडलेलं शरीर आणि कमालीची भीती एकत्र नांदू शकत नाहीत.

मग खाऊ नको, अंग सैल सोडणंही नको, नुसतं हसणं चालेल का?

हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. कोळ्याला फार घाबरणारे विद्यार्थी निवडले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीची अंग सैल सोडण्याची पद्धत, दुसऱ्याला विनोदाची, तिसऱ्याला काहीच नाही. विनोदाच्या गटानेही कोळ्याकडे पायरी-पायरीनेच जायचं होतं, फक्त प्रत्येक पायरीला कोळ्याबद्दल काहीतरी गमतीशीर कल्पना करायची. शेवटी दोन्ही उपचार-गटांची भीती तिसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली, आणि त्या दोघांत फरक दिसला नाही.

इथे जरा थांबू. हा प्रयोग लहान होता आणि विद्यार्थ्यांवर होता. हसणं हे जादूचं औषध आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की पायऱ्या चढायला हसण्याचा आधार मिळू शकतो. पायऱ्या मात्र चढाव्याच लागतात.

हसतो तेव्हा काय होतं?

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे संशोधक बाजारात, रस्त्यावर, कॉलेजात फिरून लोक कधी हसतात याची नोंद करत असत. अशा सुमारे १२०० नोंदींतून एक गंमत पुढे आली. विनोद म्हणावा अशा वाक्यावर लोक फार कमी वेळा हसले होते, साधारण १० ते २० टक्के. बाकीचं हसू “बरंय, येतो मग” असल्या साध्या बोलण्यावर होतं. आणि माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. म्हणजे हसणं हे मुळात विनोदाचं माप नाही, सोबतीची खूण आहे.

ही सोबत शरीरालाही कळते. रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की एकत्र बसून खळखळून हसल्यावर माणसं जास्त वेदना सहन करतात. नुसत्या स्मिताने नाही, पोट दुखेपर्यंत हसल्याने. २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी १२ जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. मित्रांसोबत हसून झाल्यावर त्यांच्या मेंदूत वेदना शमवणारी नैसर्गिक रसायनं सुटल्याचं दिसलं. परत सांगते, १२ जण म्हणजे फार नाहीत, पण दोन्ही प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि वाईट विनोदांनी माणसं दुखावू लागली. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठरवलं. आता पुण्यात सकाळी कुठल्याही बागेत हात वर करून हसणारी आजी-आजोबा मंडळी दिसतात. यावर झालेला अभ्यास बहुतेक लहान गटांवरचा आहे, त्यामुळे ‘हसा आणि सगळे आजार घालवा’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, याची किंमत एकट्या राहणाऱ्या माणसाला विचारा.

सोबत हसणं आणि वर हसणं

आता परत आण्णांकडे. जेठात एक दिवस पारावर कुणीतरी गंमत केली. आण्णांच्या चपलेत रबरी विंचू ठेवला. आण्णा चप्पल घालायला गेले आणि ओरडून मागे सरले. सगळा पार हसला. आण्णा आठ दिवस पाराकडे फिरकले नाहीत.

मग हसण्याने भीती जाते हे खोटं का? नाही. कॅनडातले रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा विनोद, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला टोचणारा, आणि स्वतःलाच पाण्यात पाहणारा. पहिल्या दोन तऱ्हा वापरणाऱ्यांची मनःस्थिती सरासरीने बरी असते, शेवटच्या दोघींची कथा वेगळी. रबरी विंचू टोचणाऱ्या तऱ्हेतला. त्यात सगळे एका बाजूला होते आणि आण्णा एकटे दुसऱ्या बाजूला. भ्यालेल्या माणसाला आणखी एकटं पाडणारं हसू भीती वाढवतं. त्यात आता लाजेचीही भर पडते.

बापूंचं भारूड

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. बारामतीचा मुक्काम झाला की काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर. त्या दिवसांत सगळा पट्टा जागा असतो. दिवसभर वीस-वीस किलोमीटर चाललेली माणसं विसाव्याला फुगड्या घालतात. पाय सुजलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना चिडवत हसतात. आणि रात्री कुठल्या ना कुठल्या दिंडीत भारूड रंगतं.

एकनाथांचं विंचवाचं भारूड माहीत नाही असा माणूस आमच्याकडे सापडणं अवघड. विंचू चावलेल्या माणसाची ती तडफड, तो आरडाओरडा, आणि मग कळतं की हा विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या या माणसाने लोकांच्या रोजच्या भीतीलाच सोंग चढवून रंगणात आणलं. विंचू, भूत, जोगवा मागणारी, सगळी पात्रं ओळखीची. ज्याला घाबरायचं त्याच्याकडे हसत बघायची सवय आपल्या लोकांना शाळेत जायच्या आधीपासून आहे.

त्या वर्षी पालखी पुढे गेल्यावर आमच्या वस्तीवर चार घरची माणसं जमली होती. थोरले चुलते, बापू, सत्तरीचे. ते उठले, डोक्यावर पदरासारखा पंचा घेतला आणि भारूड सुरू केलं. पण विंचू चावला तो आण्णांना नाही, बापूंना स्वतःला! तीस वर्षांपूर्वी बांधावर त्यांना विंचू चावला होता, तेव्हा ते कसे धोतर सुटलेलं विसरून गावापर्यंत पळत आले, कुणी कांदा चोळला, कुणी मंत्र टाकला, कुणी शिव्या दिल्या, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. शेवटी म्हणाले, “चार दिस रानात गेलो न्हाई. म्हशीला सांगितलं, तूच ये घरी.”

आण्णा हसले. आधी गालात, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. विंचू चावल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघत होते. हसता हसता म्हणाले, “मी दोन म्हैनं गेलो न्हाई.” सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट ते स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा बोलले.

रबरी विंचवाने आण्णांना एकटं पाडलं होतं, बापूंनी त्यांना आपल्या रांगेत बसवलं. आणि पीटरच्या गोष्टीतली दुसरी आणि तिसरी अट एका झटक्यात पुरी झाली: न घाबरणारी, किंवा घाबरून सावरलेली, सोबत आणि हसून सैल झालेलं शरीर.

आशा कुठली खरी?

आता माझ्या ‘पॉझिटिव्ह विचार’कडे येते. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन संशोधिका अनेक वर्षं आशेवर काम करतात. वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांवरचा त्यांचा १९९१ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ‘मला हे जमेल’ अशी अपेक्षा असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पण ‘किती छान दिसेन मी’ अशा गोड कल्पनांत रमणाऱ्यांचं कमी उतरलं. मनात गोड चित्र पूर्ण झालं की कमरेला पदर खोचायची गरज वाटेनाशी होते. म्हणून त्या सांगतात: हवं ते डोळ्यांपुढे आणा, आणि लगेच वाटेतला अडथळाही आणा. मग ‘असं झालं तर मी असं करीन’ हे आधीच ठरवा.

मग मी आण्णांना सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारला. “नेमकी भीती कशाची वाटते?” मला वाटलं, म्हणतील विंचवाची. ते म्हणाले, “चावल्याची न्हाई गं. एकटा असंन, पोचायचो न्हाई वेळेत, त्याची.”

ही भीती खोटी नव्हती. तांबड्या विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं आणि पूर्वी त्याने खूप माणसं, विशेषतः लहान मुलं दगावत. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना उपयोगी पडतं हे दाखवलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. त्यानंतर हे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आण्णांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “आपल्या म्हाराष्ट्रातलाच डॉक्टर?” ‘काही होत नाही’ या माझ्या वाक्यापेक्षा ‘वेळेत पोचलं तर औषध आहे’ या वाक्यात त्यांना जास्त धीर मिळाला, कारण ते खरं होतं.

मग वस्तीवर ठरलं: रात्री दारं धरायला दोघांनी जायचं, एकमेकांच्या रानात. गमबूट घालायचे. फोन चार्ज करून खिशात. मोटारसायकल बांधाला तोंड करून लावायची. चावलाच तर चिरायचं नाही, चोळायचं नाही, मंत्रात वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना. आणि पायऱ्या: पहिल्या आठवड्यात संध्याकाळी बांधापर्यंत, मग अंधार पडल्यावर मोटरीच्या खोलीपर्यंत, मग बापूंसोबत एक तास दारं.

सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना मानसशास्त्रात फार गाजली: हतबल होणं आपण शिकतो. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये त्याच दोघांनी स्वतःचं म्हणणं उलटं केलं. सतत वाईट घडलं की हातपाय गाळणं ही शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की ‘माझ्या करण्याने फरक पडतो.’ मला हे फार दिलासा देणारं वाटतं. घाबरून बसलेला माणूस बिघडलेला नसतो, त्याला फक्त एक छोटी गोष्ट करून बघायला मिळायला हवी.

थोडक्यात

भीतीने बसलेलं माणूस घरात असेल तर त्याला ‘घाबरू नको’ म्हणू नका, नेमकी कशाची भीती आहे ते विचारा. त्यातला खरा धोका आधी कमी करा. मग लहान पायऱ्या ठरवा आणि सोबत जा. हसवायचं असेल तर स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करा. आणि महिनोन्महिने झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, काम बंद पडलं असेल, तर नुसत्या हसण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करा, मराठीतून बोलता येतं.

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे माझे गाईड मला रोज सांगतात. आण्णांना कशाने बरं वाटलं, हसण्याने, सोबतीने, गमबुटाने की नुसत्या दिवस जाण्याने, हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. बहुतेक सगळ्यानेच.

दिवाळीला घरी जाताना मी एक अल्ट्राव्हायोलेट बॅटरी नेली, नोटा तपासतात तसल्या जांभळ्या उजेडाची. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, लांबून दिसतो. आण्णा, बापू आणि मी रात्री बांधावर गेलो. पहिला विंचू चमकला तेव्हा आण्णांनी माझा दंड घट्ट धरला. तिसऱ्याला सोडला. पाचव्याला स्वतःच बॅटरी हातात घेतली. बापू म्हणाले, “आता ह्यांची खानेसुमारी करू. सरकार करंना, आपण करू.”

आण्णा अजून चादर झटकतात, पण एकदाच. आणि रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात सकाळी मी फोन केला की पाऊसपाणी, तब्येत काही विचारायच्या आधी ते आकडा सांगतात. “काल सात.”